तिन्हीसांजेची पहिली हाक

नाव दैवशाला आहे म्हणून माझ्यापुढं कुणी दैव, नशीब, बाहेरचं असलं काही काढत बसू नका. नाव आत्यानं ठेवलं, मला कुणी विचारलं न्हवतं. मी नर्सिंगचा कोर्स केलेली बाई आहे. आमच्या बापानं आम्हा बहिणींकडून बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ करून घेतल्या होत्या, अन् दाराला बांधलेलं लिंबू मी सोडून वरणात पिळते. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकल्यावर लोकं म्हणतात, दैवशालाबाईचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं.

नोकरी माझी लंडनशाळेत, मुलींच्या होस्टेलवर मेट्रन. शाळेचं खरं नाव इंग्रजी आहे, फाटकावर पितळी अक्षरांत, पण हसनाबादचं शेंबडं पोरगं असो की भोकरदनचा जीपवाला, सगळे तिला लंडनशाळाच म्हणतात. लाल विटांची इमारत, वर घड्याळाचा मनोरा. लाईट गेली की घड्याळ बंद पडतं, म्हणून ते कधीच बराबर न्हाई. जालन्याच्या बियाणंवाल्यांची अन् सळईवाल्यांची लेकरं इथं राहून शिकतात. एप्रिलच्या उन्हात पण अंगात लोकरी कोट अन् गळ्यात टाय. सकाळी ओटची लापशी, तिला पॉरिज म्हणायचं. लेकरांचे चार गट, त्यांना हाउस म्हणायचं, अन् चारी हाउसला विलायतेतल्या नद्यांची नावं. एखाद्याला आपल्या पूर्णेचं नाव दिलं असतं तर तिचं काय पाणी आटलं असतं का? पण मला कोण विचारतंय.

शाळा व्हायच्या आधी इथं मोसंबीची बाग होती. झाडं सगळी काढली, विहीर तेवढी ठेवली. ठेवली म्हणजे काय, तिचा पार अवतार करून टाकला. भोवती गुलाबाचे वाफे, वर चार खांबांवर कौलाचं इवलंसं छप्पर, अन् पाटी लावली, विशिंग वेल. मनात इच्छा धरून आत नाणं टाकायचं म्हणे. तोंडावर लोखंडी जाळी होती, ती बरी. मोटेचे जुने दगड अजून तसेच आहेत, दोराच्या घळी पडलेले. त्या दगडांवर बसून पोरी फोटो काढतात.

ती बाग होती गोजरबाईच्या सासरची. दिरानं विकली, पैसा घेऊन संभाजीनगरला गेला, अन् ही विधवा बाई आपल्याच रानात शाळेच्या भटारखान्यात पोळ्या लाटायला लागली. बोलायला कमी, कामाला वाघ. तिला खोड एकच. कुणीही कुणालाही हाक मारली की हिचं आधी "ओ!" ड्रायव्हरनं वॉचमनला हाक मारली, हिचं "ओ, आले!" पोरी ग्राउंडवर एकमेकींना ओरडल्या, इकडून हिचं "ओ!" हातातलं लाटणं टाकून दारात येऊन उभी. आम्ही लई हसायचो. म्या म्हणायचे, "गोजरबाई, उद्या कोंबडा आरवला तरी ओ देशील तू." ती हसायची न्हाई, नुसती बघायची अन् परत पोळपाटावर जायची.

तर या शाळेत पायल आली.

शाळा दरसाल एका गरीब घरच्या पोरीला फुकट शिकवते, जाहिरातीत छापायला बरं पडतं. त्या साली नंबर लागला जाफराबादकडच्या पायल हिवराळेचा. तिचा बाप राजानंद काळीपिवळी जीप चालवतो. आई बाळंतपणातच गेलेली, पोर वाढली चांगुणाआजीच्या मांडीवर. डोक्यानं तल्लख. गणित असं सोडवायची की सर चाट पडायचे. पण सीट पक्की न्हाई. डिसेंबरात फाउंडर्स डे असतो, त्या दिवशी कमिटी बसते अन् ठरवते, पोरगी ठेवायची की घरी पाठवायची. राजानंद तिला सोडायला आल्ता तेव्हा माझ्यापुढं हात जोडून म्हणला, "ताई, एवढी एक निघाली आमच्यात. हिला परत जीपमधी बसवायची पाळी आणू नका." मी म्हणलं, "भाऊ, तुम्ही बिनघोर जा." आपल्या गावाकडची, आपल्या समाजाची लेक. माझा जीव पहिल्याच दिवशी तिच्यात अडकला.

घोटाळा झाला हजेरीचा.

संध्याकाळी दिवे लागायच्या टायमाला सगळे हाउस लॉनवर रांगेत उभे करतात अन् रोलकॉल घेतात. नाव पुकारलं की ताबडतोब "प्रेझेंट, मिस" म्हणायचं. नाव एकदाच पुकारतात. शिस्त म्हणजे शिस्त. जे बोललं न्हाई त्याच्या हाउसचे पॉइंट जातात. आमच्या हाउसच्या शीतल मिस हाक मारायच्या, "पायल हिवराळे!" अन् पोर गप्प. समोर उभी, डोळे उघडे, पण गप्प. पॉइंट कापून दुसऱ्यांदा पुकारलं की मंग एकदम, "प्रेझेंट, मिस."

एक दिवस ठीक, दोन दिवस ठीक. रोजचंच झालं. हाउसचे पॉइंट गळायला लागले अन् बाकीच्या पोरी तिच्या जिवावर उठल्या. कुणी तिच्या शेजारी जेवायला बसंना. डॉक्टर बोलावून कान तपासले, कान ठणठणीत. मंग रिपोर्टात लिहून झालं की मुलगी प्रतिसाद देत न्हाई, ती या वातावरणात रुळंल असं वाटत न्हाई. शीतल मिस वाईट बाई न्हाई. माहेर शेतकऱ्याचं, आता जुन्या जालन्यात घर, अन् माझ्याशी एकटीत मराठीच बोलायच्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "ताई, ही अशीच गप्प राहिली तर डिसेंबरात हिला घालवतील. मी एकटी काय करू?"

रविवारी मी पायलच्या डोक्याला तेल लावायला बसले. केस ओढूनच विचारलं, "का गं, पहिल्या हाकेला तोंडाला कुलूप लागतं का तुझ्या?"

"आजीनं सांगितलंय," ती म्हणली. "तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. आपलं माणूस परत हाक मारतं. जे एकदाच मारतं ते आपलं नसतं."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच पावली फोन लावला. "चांगुणाबाई, घरात रोज बुद्धवंदना, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, अन् लेकराच्या डोक्यात हे खूळ? तिची सीट जायची वेळ आली इथं!"

म्हातारी बिलकुल दबली न्हाई. "बाई, फोटोला म्या हात जोडते, पण रानात बाबासाहेब न्हाई येत राखायला. आमच्या मायनं सांगितलं, तिच्या मायनं तिला सांगितलं. तुमच्या मिसला म्हणावं, लेकराला दोनदा हाक मारली तर तोंड झिजतं का तुमचं?"

मी फोन आपटला.

पायल मान खाली घालून बसली होती. मी जरा नरमाईनं म्हणलं, "बाळा, इथं रान न्हाई. इथं हाक मारणार कोण? शीतल मिसच ना?"

"दोघीजणी मारतात, मावशी."

"दोघी कोण?"

"एक मिस. अन् एक ती, विहिरीकडची. मिसच्या आधी मारते कधी, कधी मागून. आवाज पोरीचा आहे. आपल्यासारखी बोलते. नुसतं पायल म्हणते, एकदाच. कोणती मिसची अन् कोणती तिची, ते मला पहिल्यांदा कळत न्हाई. मंग मी थांबते. मिस परत मारतात. ती न्हाई मारत."

तेलाची वाटी माझ्या हातात होती ती मी खाली ठेवली. तिला म्हणलं, हे कुणापुढं बोलू नको. वेणी घातली, रिबिनी बांधल्या, अन् कुणीतरी थोरली कार्टी चेष्टा करून राह्यली असंल असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी रोलकॉलच्या टायमाला मुद्दाम विहिरीपाशी जाऊन उभी राहिले, कोण लपतं ते धरायला. कुणी न्हवतं. गुलाबाचे वाफे, जाळी, दगड. तिकडं लॉनवर मिस नावं घेत होत्या.

अन् माझ्या पाठीमागून, खालून, हळूच कुणीतरी म्हणलं, "पायल."

लेकराचा आवाज. खेळायला बोलवावं तसा. मी वळून जाळीतून खाली बघितलं. पाणी लांब खाली, काळं, त्याच्यावर आभाळाचा एवढासा तुकडा. मी नर्स आहे, मुडदेही उचललेत, पण त्या दिवशी मी जाळी घट्ट धरून ठेवली. घाबरले मी, चांगलीच घाबरले. दुसरी हाक येती का म्हणून कान लावून उभी राहिले. आली न्हाई.

तिकडं शीतल मिसनी आपल्या परीनं इलाज सुरू केल्ता. दुपारच्या सुट्टीत पायलला व्हरांड्यात उभं करायचं, या खोलीतून, त्या जिन्यावरून, खांबाआडून अचानक हाक मारायची. पहिल्या हाकेला "प्रेझेंट, मिस" आलं की एक चॉकलेट. मी त्यांना सांगायला गेले, "मिस, जरा सबुरीनं घ्या. दिवसा ठीक आहे, पण संध्याकाळचं ऱ्हाऊ द्या." त्या म्हणल्या, "ताई, तुम्हीसुद्धा? तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती." विहिरीतून आवाज येतो म्हणून सांगू? सीट पोरीची जाणार होती, माझी न्हाई. मी तोंड मिटून परत आले.

अन् लेकरू शिकलं. चॉकलेटनं न्हाई हो, एकटेपणानं. एका संध्याकाळी मिस म्हणल्या, "पायल हिवराळे!" अन् ती खणखणीत, "प्रेझेंट, मिस!" सगळ्या हाउसनं टाळ्या वाजवल्या. जेवताना पोरींनी तिला मधी बसवलं. कोटाला बिल्ला लागला. फोनवर बापाला सांगताना तिला हसू आवरंना. मला आनंद झाला न्हाई असं न्हाई, पण माझे कान विहिरीकडंच लागलेले.

त्या रात्रीच्या जेवणाची भांडी चालली होती तेव्हा मी गोजरबाईपाशी मन मोकळं केलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? म्हणलं, "गोजरबाई, ही विहीर तुमच्या घरची. त्या पायलीला तिथून कुणीतरी हाक मारतं. हसू नको, म्या बी ऐकली."

ती पातेलं घासत होती. हात थांबला.

"कसा आवाज हाय?"

"पोरीचा."

"किती येळा?"

"एकदाच."

तिनं नळ बंद केला. पदरानं हात पुसले, परत पुसले, परत पुसले. म्या विचारलं, "काय झालं गं?" पातेलं तसंच टाकून भटारखान्याच्या मागल्या दारात जाऊन विहिरीकडं तोंड करून बसली. मी दोनदा हाक मारली. माझ्या बघण्यात पहिल्यांदा तिनं ओ दिली न्हाई.

फाउंडर्स डेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. लॉनसाठी पाणी पाहिजे अन् नेमकी विहिरीतली मोटार अडकली. माणसं आली, जाळी काढून बाजूला टेकवली, मोटार अर्धी वर ओढली, अन् सामान आणायला भोकरदनला गेली ती तिकडंच. जाळी उघडीच. मला पत्ता न्हाई, कुणालाच न्हाई. सगळे कमिटीच्या खुर्च्या लावण्यात गुंग.

दिवस मावळला. लाईट गेलेली, म्हणून रोलकॉल संधिप्रकाशातच सुरू झाला. आमचं हाउस शेवटी होतं. शीतल मिस पोरींच्या टाय सारख्या करत होत्या, हजेरी अजून उघडली पण न्हवती. मी होस्टेलच्या पायरीवर उभी.

तेवढ्यात आली. "पायल."

मी ऐकली. अन् रांगेतून लगेच, मोठ्यानं, हसऱ्या तोंडानं उत्तर गेलं, "प्रेझेंट, मिस!"

शीतल मिसनी वळून बघितलं. म्हणल्या, "पायल, मी अजून तुझं नाव घेतलंच नाही."

पोरी खुदकन हसल्या. पायल हसली न्हाई. ती रांगेतून बाहेर निघाली अन् विहिरीच्या दिशेनं चालायला लागली, शाळेत चालतात तशी, हात बाजूला, मान ताठ. माझी नजर तिच्या पुढं गेली अन् मला ती टेकवलेली जाळी दिसली.

"पायल!" मी किंचाळले. ती थांबली न्हाई. "पायल! अगं ए पायल!" म्या धावले, चपला सुटल्या. मिसही ओरडत धावल्या. सगळ्या हाका वाया गेल्या. आजीचा हिशोब लेकराच्या डोक्यातून आपणच पुसून काढला होता, आता ती पहिल्या हाकेची झाली होती. दगडापर्यंत गेली. थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायचं त्या काठावर, पाय ठेवला.

अन् भटारखान्याच्या मागल्या दारातून आवाज फुटला.

"ओ! आले! आले गं माझे माय, आले!"

गोजरबाई. हाताला कणीक, पदर सुटलेला. त्या वयाची बाई एवढी पळू शकती हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. ती पायलच्या अंगावरून गेली, तिला कोपरानं मागं ढकललं, अन् स्वतः काठावर पालथी पडली. तोंड विहिरीत. "ओ गं गिरजे! ओ! ऐकली म्या! ऐकली व्हती गं तवाच! आले ना आता, हे बघ, आले!"

मी पायलला कवेत घट्ट धरलं. ती म्हणली, "मावशी, मी इथं कशी आले?" मी तिच्या तोंडावर हात फिरवला, पाठीवर फिरवला, अन् रडले. लाज कशाची? धाय मोकलून रडले. शीतल मिस गोजरबाईचे पाय धरून बसल्या होत्या, ती घसरू नये म्हणून. खाली पाण्यात कुणीतरी पाय हलवावेत तसा आवाज होत होता. गोजरबाई ओ देत राहिली अन् तो हळूहळू थांबला.

तिनं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. तिकडं लॉनवर बँड वाजत होता, अन् आम्ही दोघी भटारखान्याच्या पायरीवर.

"गिरजा माझी एकुलती एक. या पायलएवढी व्हती. आमची खोपी तितं व्हती, जितं आता तुमचं ते घड्याळ हाय. तिन्हीसांजेचं म्या भाकरी थापीत व्हते, सासू बाजूला बसलेली. विहिरीकडून पोरीनं हाक मारली, माय! म्या उठले, तर सासूनं हात धरला. पहिली हाक हाय, म्हणली, तिन्हीसांज हाय, ओ दिऊ नको, दुसऱ्यांदा मारू दे. आमच्याकडं रिवाजच तसा. मंग म्या थांबले. भाकरी हातात धरून थांबले. दुसरी येतीच आता, येतीच आता. तव्यावरची जळाली तरी थांबले."

मी तिचा हात हातात घेतला.

"बाई, बुडणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा हाक मारायला दम कुठून येतो?" ती म्हणली. "तवापासून म्या सगळ्याला ओ देते. कुणाची बी असू दे. पण ती मला हाक मारीत न्हाई. मारलीच न्हाई परत. म्या ओ दिली न्हाई, म्हणून दुसऱ्याच्या पोरीला मारती. रुसली माझ्यावर."

चांगुणाआजीच्या मायनं तिला शिकवलं, तिनं नातीला शिकवलं. गोजरबाईच्या सासूनं गोजरबाईला शिकवलं. मला सांगा, कोणती म्हातारी खोटी बोलली? मी अजून ठरवू शकले न्हाई.

पायलची सीट राहिली. शीतल मिसनी जुना रिपोर्ट फाडला अन् नवा लिहिला, अन् कमिटीपुढं अशा काही भांडल्या की अध्यक्षांचा चहा थंड झाला. त्या दिवसापासून त्या प्रत्येक पोरीचं नाव दोनदा घेतात. बाकीचे हाउस हसतात. हसू द्या. पायल मात्र पहिल्याच हाकेला प्रेझेंट म्हणते, म्हणते की आता मिस एकट्याच मारतात. विहिरीची जाळी वेल्डिंग करून पक्की बसवली. अन् गोजरबाई रोज दिवे लागायच्या टायमाला पोळ्या आटपून त्या दगडावर जाऊन बसायची, जाळीवर हात ठेवून, हळूच म्हणायची, "ओ." कुणी हाक मारलेली नसायची. आम्ही कुणी तिला हसलो न्हाई.

माघात तिला ताप आला. हसनाबादला आपल्या घरीच, झोपेतच गेली. मी मातीला गेल्ते. बायका म्हणत होत्या, शेवटपर्यंत ओ, ओ करीत होती.

आता मे महिना. सुट्ट्या आहेत, होस्टेल रिकामं, लेकरं आपापल्या घरी. पायलीला मी स्वतः तिच्या बापाच्या जीपमधी बसवून दिलं, आजीला लोणच्याची बरणी दिली. आजीशी आता आपलं गोड आहे. मी एकटी मागं राहिले, पडदे धुवायचे, गाद्या उन्हात टाकायच्या, मेट्रनला कुठली सुट्टी.

काल दिवस मावळायच्या टायमाला मी वाळलेल्या चादरी काढून राह्यले होते. विहिरीकडून हाक आली.

"मावशी!"

आवाज पायलीचा. बिलकुल तिचाच. अन् पायल जाफराबादला आहे हे मला ठाऊक आहे. दुपारीच फोनवर बोलले होते तिच्याशी, पाढे म्हणून दाखवत होती. विहिरीला जाळी पक्की आहे. शाळेत दुसरं चिटपाखरू न्हाई. बापाच्या प्रतिज्ञा मला पाठ आहेत, अन् चांगुणाआजीचं म्हणणं पण पाठ आहे, की एकदाच हाक मारतं ते आपलं नसतं. सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. खोटं कशाला सांगू, पळून खोलीत जावं अन् कडी लावावी असं वाटलं.

पण मला ती भाकरी हातात धरून थांबलेली बाई दिसली. भूत असलं तर माझं काय व्हायचं ते होईल. अन् लेकरू असलं तर?

मी चादरी तिथंच टाकल्या. "ओ! आले गं!" म्हणून जीव खाऊन ओरडले अन् विहिरीकडं पळत सुटले. दुसरी हाक आली का, ते मला माहीत न्हाई. मी तिची वाट बघितलीच न्हाई.